गोल्फ कार्ट-सक्ती

खेळाडूने पायी न चालता मैदानाची कार्ट (छोटी, बहुधा दोन आसनी गाडी) भाड्याने घेऊनच खेळावे, असा काही गोल्फ मैदानांचा नियम. अमेरिकेत १९५० च्या दशकात विजेरी कार्टचा प्रसार झाला. जॉर्जिया राज्यात १९५४ मध्ये ‘ई-झेड-गो’ ही उत्पादक कंपनी स्थापन झाली. कार्टचे भाडे मैदानांचे नियमित उत्पन्न ठरले आणि सामान वाहणाऱ्या कॅडींची गरज घटली [→ कॅडी]. फ्लोरिडा, ॲरिझोना यांसारख्या उष्ण राज्यांत निवासी वसाहतींभोवती आखलेल्या मैदानांत एका खळग्याच्या हिरवळीपासून (ग्रीन) पुढच्या खळग्याच्या टीपर्यंतचे (प्रारंभस्थान) अंतर बरेच असते. डोंगराळ मैदानांत चढ असतो. सक्तीसाठी ही कारणे, तसेच खेळाचा वेग, पुढे केली जातात. भाड्याचा उल्लेख सहसा मागे राहतो. भाडे अनेकदा मैदान-शुल्कातच धरलेले असते. सक्ती काही ठिकाणी केवळ गर्दीच्या वेळेपुरती असते. जमीन ओली असेल तर कार्ट पक्क्या वाटेवरच ठेवावी लागते, त्यामुळे चेंडूपर्यंत चालणे टळत नाही.

याउलट ऑरेगन राज्यातील बँडन ड्यून्स (स्थापना १९९९) व न्यूयॉर्क राज्यातील बेथपेज ब्लॅक या मैदानांवर पायीच खेळण्याचा दंडक आहे. व्यावसायिक स्पर्धांतील चालण्याच्या सक्तीबाबत, पायाच्या व्याधीने ग्रस्त गोल्फपटू केसी मार्टिन यांना कार्ट वापरू द्यावी, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी दिला [→ गोल्फ].