इशाऱ्याचा हिशेब

आमच्या शाळेच्या दिवसांत गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने उत्तरसूचीची असत. अडले की ती उलटायची, उत्तरावर नजर टाकायची आणि पुन्हा उदाहरणाकडे यायचे. या जाण्यायेण्याची नोंद कुठेच होत नसे. आज मूल संगणकावर गृहपाठ सोडवते तेव्हा ‘हिंट’ची कळ कोणत्या क्षणी दाबली इथपर्यंत सारे टिपले जाते आणि पुष्कळदा तिच्यापायी गुणही कापले जातात. मदत मागणे आणि गुण गमावणे यांची गाठ कुठे पडली, हे शोधायला आपल्याला शंभर वर्षे मागे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जावे लागते.

ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यावर एक छोटे यंत्र तयार केले आणि १९२६मध्ये त्यावर लेख लिहिला. खिडकीत प्रश्न आणि त्याचे चार पर्याय दिसत, विद्यार्थ्याने चारांपैकी एक कळ दाबायची. यंत्राला एक खटका होता. तो खाली असेल तर यंत्र परीक्षक असे: कोणतीही कळ दाबा, ते पुढच्या प्रश्नावर जाई आणि बरोबर उत्तरे तेवढी गुपचूप मोजी. खटका वर केला की तेच यंत्र शिक्षक होई: बरोबर कळ दबेपर्यंत प्रश्न जागचा हलत नसे. गुण देणारा आणि शिकवणारा अशा दोघांना प्रेसींनी एका पेटीत बसवले, पण दोघांच्या मध्ये तो खटका ठेवला. पुढच्या शतकाची सारी गुंतागुंत हा खटका नाहीसा होण्यातून झाली, असे मला वाटते.

याच सुमारास सोव्हिएत रशियात लेव्ह व्हिगॉत्स्की वेगळ्याच दिशेने विचार करत होते. चाचणीच्या मोजमापानुसार दोन मुलांचे मानसिक वय सारखेच, आठ वर्षे, असे समजा. आता दोघांना थोडी मदत द्या, एखादा दिशादर्शक प्रश्न विचारा किंवा पहिली पायरी दाखवा. एक मूल नऊ वर्षांच्या मुलांची कोडी सोडवते, दुसरे थेट बारा वर्षांच्या मुलांची. मग ही दोन मुले सारखी कशी? मदत मिळाली की मोजमाप बिघडले, ही परीक्षकाची जुनी समजूत व्हिगॉत्स्कींनी उलटी केली. त्यांच्या दृष्टीने खरे मोजमाप मदतीपासूनच सुरू होत होते. १९३४मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत हा विचार ठळकपणे पोचायला १९६२ साल उजाडले.

दरम्यान यंत्रे पुढे गेली. १९५३मध्ये हार्वर्डचे बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि शिकवणाऱ्या यंत्रांच्या कामाला लागले. त्यांच्या यंत्रात इशारा मजकुरातच विणलेला असे आणि सराव वाढेल तसा तो विरत जाई, म्हणून त्याची किंमत लावण्याचा प्रश्नच नव्हता. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली उभी केली आणि तिच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. अडलेल्या विद्यार्थ्यासाठी तिथे ‘हेल्प’ नावाची कळ होती. ती दाबली की तो मदतीच्या आडवाटेवर जाई. पण त्या वाटेवर चालताना मध्येच डोक्यात लख्ख उजेड पडला तर काय? त्यासाठी दुसरी कळ होती, ‘अहा’. ती दाबायची आणि उरलेली मदत न घेता थेट मूळ उदाहरणावर परतायचे. मदत पुरे झाली हे इथे विद्यार्थीच ठरवत होता.

खटका नाहीसा झाला तो पिट्सबर्गमध्ये. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात भूमिती आणि लिस्प ही संगणकभाषा शिकवणारे ‘ट्यूटर’ बनवले. त्यांच्या परंपरेत इशारे पायरीपायरीने येऊ लागले. पहिला मोघम, पुढचा नेमका, आणि अखेरचा सरळ उत्तरच हातात ठेवणारा. विद्यार्थ्याला एखादे कौशल्य आले आहे याची शक्यता किती, याचा अंदाज यंत्र प्रत्येक पायरीला नव्याने बांधत असे. अल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी ही रीत १९९५मध्ये सविस्तर मांडली. तिच्यात पायरी एक तर जमली किंवा जमली नाही. मग हिंट मागणाऱ्याला कुठे बसवायचे? त्याला चुकलेल्यांच्या रांगेत बसवले गेले. अंदाज बांधण्यापुरते हे समजण्याजोगे आहे, कारण मदत मागणाऱ्याला ते अजून आलेले नसते. पण तोच नियम गुणपत्रकात शिरला की त्याचा दंड होतो.

दुसरी वाट उपलब्ध नव्हती असे नाही. ‘प्लेटो’ जिथे जन्मले त्याच इलिनॉय विद्यापीठात ॲन ब्राउन आणि जोसेफ कॅम्पियोन १९८०च्या दशकात मुलांना ठरलेल्या क्रमाने इशारे देत होते आणि किती इशाऱ्यांनंतर मूल स्वतः सोडवू लागते, हे मोजत होते. ती संख्या त्यांना मुलाच्या शिकण्याच्या तयारीविषयी काही सांगत होती. व्हिगॉत्स्कींच्या विचाराला इथे आकडा मिळाला, पण गृहपाठाच्या प्रणाल्यांनी बराच काळ त्याकडे पाहिले नाही.

पुढे इंटरनेट आले आणि प्रत्येकाने आपापला दर लावला. १९९०च्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ‘वेबवर्क’ या गृहपाठप्रणालीमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतरच हिंट उघडण्याची सोय झाली. आयआयटी मुंबईसह आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत वापरात असलेल्या ‘मूडल’मध्ये चुकलेल्या प्रयत्नानंतर इशारा मिळतो, आणि तो घेऊन पुन्हा प्रयत्न केला की नेहमीच्या मांडणीत एक तृतीयांश गुण कापले जातात. दंडाची बाजूही ऐकली पाहिजे. २००४मध्ये रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही मुले भराभर हिंट उलटत शेवटच्या उत्तरापर्यंत जातात किंवा पर्याय ठोकत सुटतात, आणि ती स्पष्टपणे कमी शिकतात. पण २००८मध्ये बेंजामिन शी, केनेथ कोडिंगर आणि रिचर्ड शाइन्स यांनी त्याच शेवटच्या हिंटकडे पुन्हा पाहिले. उत्तर मिळाल्यावर थांबून, ते असे का आले याचा विचार करणारी मुले त्यातून शिकत होती. एकच कळ, एकच हिंट, आणि गुण कापणाऱ्या सूत्राला दोन्ही मुले सारखीच दिसतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे २००३पासून घडत गेलेल्या ‘असिस्टमेंट्स’ या गृहपाठप्रणालीच्या नावातच मदत आणि मूल्यमापन एकत्र आहेत. तिथेही आधी पहिल्याच प्रयत्नात, मदतीशिवाय आलेले उत्तर तेवढे बरोबर धरले जाई. २०११मध्ये युताओ वांग आणि नील हेफर्नन यांनी किती इशारे आणि किती प्रयत्न लागले याचा उपयोग पुढची कामगिरी ओळखण्यासाठी केला. ब्राउन आणि कॅम्पियोन यांची मोजणी अशी सुमारे पंचवीस वर्षांनी परत आली.

या सगळ्या हिशेबाला एक गोष्ट गृहीत होती: इशारे मोजता येतात, पहिला, दुसरा, तिसरा. मार्च २०२३मध्ये खान अकॅडमीने ‘खानमिगो’ हा संवाद करणारा शिक्षक जाहीर केला आणि ती गोष्टही डळमळली. मूल विचारते, यंत्र उलट प्रश्न करते, मूल अर्धवट उत्तर देते, यंत्र पुन्हा विचारते. यातले कोणते वाक्य हिंट आणि कोणते नुसते बोलणे, हे वेगळे काढता येत नाही. अशा संभाषणाचे एक तृतीयांश कसे कापणार? गुणांच्या रकान्यासमोर बसलेल्या शिक्षकापुढे आज व्हिगॉत्स्कींची ती दोन मुले पुन्हा येऊन उभी आहेत, एक नऊपर्यंत पोचलेले आणि एक बारापर्यंत.