समेची खूण

तबल्याचा ठेका ऐकता ऐकता मान डोलते. परंतु ती नेमकी कोणत्या मात्रेवर डोलली, हे सांगावयाचे तर शब्द लागतात आणि लिहून ठेवावयाचे तर खुणा लागतात.

शब्द जुनेच आहेत. वेळ मोजण्याचे एकक ती मात्रा. मात्रांची गती ती लय. मात्रांचे गट म्हणजे खंड, सर्व खंडांचा एक फेरा म्हणजे आवर्तन आणि आवर्तनाची पहिली मात्रा ती सम. ठरीव बोलांत बांधलेले तालाचे रूप म्हणजे ठेका. त्रितालाच्या १६ मात्रा चार-चारांच्या चार खंडांत बसतात. १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी पडते. ९ व्या मात्रेवर हात रिकामा फिरतो, ती खाली किंवा काल. खाली म्हणजे स्तब्धता नव्हे. १० व्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि १४ व्या मात्रेला परत येतो. सम जवळ आली, हे गायकाला डोळे मिटूनही कळते. रूपकाची तऱ्हा निराळी. त्याच्या ७ मात्रांत पहिलीवरच खाली येते. तेथे सम आणि खाली एकच.

गुरूसमोर बसणाऱ्याला हे सारे कानाने उमगत असे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीत वर्गात शिकविले जाऊ लागले. तेव्हा लेखनाची निकड वाढली. पलुस्करांच्या पद्धतीत समेला १ हा अंक आणि खालीला अधिकचे चिन्ह. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य. फुली व अधिक दिसावयास जवळजवळ सारखी, अर्थ मात्र नेमका उलट! एका पद्धतीचे पुस्तक दुसरीच्या नजरेने वाचणारा त्रितालात तब्बल आठ मात्रांनी चुकेल.

हे लेखन महाराष्ट्रीयांनी घडविले, तरी ते महाराष्ट्रापुरते राहिले नाही. भिलाईतील कुरुदच्या वायव्येस असलेल्या खैरागडच्या राजवाड्यात १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले आणि पुढे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. छत्तीसगडी, हिंदी, मराठी अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांनाही मात्रा, सम आणि खाली हे शब्द समाईक आहेत. खुणा तेवढ्या दोन. म्हणून तालाचे पुस्तक उघडताच विद्यार्थ्याने प्रथम पहिल्या मात्रेखालची खूण पाहावी. सम सापडली की ताल सापडलाच.