उणिवांचा रकाना

वोल्फगांग इझरचा 'अभिप्रेत वाचका'वरील ग्रंथ जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला १९७२ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घातलेली एक पुस्तिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाली होती. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ही 'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल'. साहित्याच्या वर्गात पहिल्या ग्रंथाची चर्चा होते, दुसऱ्याची होत नाही. त्यात वावगे काही नाही. तथापि संगणकाच्या साधनांविषयी आज जे लिहिले जाते त्याचा वाचक पुष्कळदा माणूस नसतो, आणि म्हणून आम्हांला ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीशी वाटली.

पुस्तिकेची रचना विलक्षण आटोपशीर होती. प्रत्येक आज्ञेची नोंद स्वतंत्र: नाव, वापरण्याचे रूप, वर्णन, संबंधित फाइली, 'हेही पाहा'. नोंदी वर्णानुक्रमाने लावलेल्या. पण खरी नवलाई शेवटच्या मथळ्यांत होती. एक मथळा 'बग्ज', म्हणजे ज्ञात उणिवा. ज्यांनी साधन घडवले त्यांनीच ते कोठे फसते हे छापून द्यायचे! दुसरा मथळा 'ओनर', म्हणजे मालक. अडचण आल्यास कोणाला गाठावे हे त्याखाली दिलेले असे. प्रास्ताविकात नियमही सांगितला होता: ज्याने शेवटचा फेरफार केला तो मालक, मग मूळ कर्ता कोणी का असेना. (आपल्याकडील संपादित ग्रंथांना हा नियम लावला तर किती संपादक पुढे येतील, याचा विचार न केलेला बरा.)

या पुस्तिकेच्या दर्जाविषयी आग्रही असलेले डग्लस मॅकइलरॉय यांनी पुढे एका मुलाखतीत मोठी मार्मिक आठवण सांगितली आहे. नवी आवृत्ती निघायची वेळ आली की प्रयोगशाळेत एकच धांदल उडे. साधनातील वेडेवाकडेपणा शब्दांत मांडू लागताच तो छापायची लाज वाटे, आणि मग वर्णन सोपे व्हावे म्हणून साधनच सुधारले जाई. लेखन हे विचाराचे परीक्षण असते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे ते यंत्राचेही परीक्षण झाले.

त्या पुस्तिकेचा अभिप्रेत वाचक मात्र शेजारच्या खोलीतला सहकारी होता. पानावर जे राहिले ते विचारता येत असे. वाचक संहितेतील रिक्त जागा स्वतः भरतो, हे इझरचे म्हणणे. ललित वाङ्मयात ते वैभवच.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-प्रारूपांना बाहेरची साधने जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा त्यासाठीचा खुला संकेत जाहीर केला. दोन्हींत साधनाचे नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचे स्वरूप प्रारूपाला वाचावयास मिळते. हा वाचक, ज्याला 'एआय एजंट' म्हणतात, ते वर्णन वाचून कोणते साधन कधी वापरायचे ते ठरवतो. त्याला बहुधा तेवढेच दिसते, साधनाच्या पोटातले काही दिसत नाही.

आता मराठीतला 'परवा' घ्या. 'परवा आला' आणि 'परवा येणार' यांतला घोळ क्रियापद मिटवते. परंतु साधनाच्या वर्णनात नुसते 'दिनांक द्या' असेल, तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे कोणते क्रियापद सांगणार? किंवा 'यादी साफ करते' हे वाक्य पाहा. दुबार नोंदी काढणे हेही साफ करणे आणि सगळे पुसून टाकणे हेही साफ करणे. परीक्षेत प्रश्नाची भाषा संदिग्ध असली की मुले हात वर करतात, पर्यवेक्षक धावत येतात, आणि प्रश्न काढणाऱ्याची (कधीकधी आमचीच) शोभा होते. एजंट हात वर करीलच असे नाही. तो रिक्त जागा भरतो आणि कृती करून मोकळा होतो. यादी पुसली गेल्यावर अन्वयार्थाची चर्चा करण्यात काय हशील?

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला: एक करावयास सांगतो, दुसरा प्रशंसेने वा निंदेने त्याला बळ देतो. या नव्या वाचकाला आज्ञा आणि वर्णन खात्रीने वेगळे करता येत नाहीत. २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले, की साधनाच्या वर्णनातच छुपी आज्ञा पेरली, तर एजंट वापरकर्त्याच्या खाजगी फाइलीही भलत्याच ठिकाणी पाठवू शकतो. वर्णन वाचले, एवढाच त्याचा अपराध.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या प्रोटोकॉलच्या आवृत्तीत साधनाविषयीच्या काही सूचक खुणांची भर पडली. साधन केवळ वाचते की बदलही करते, ते विध्वंसक ठरू शकते का, असे त्यांचे स्वरूप. 'बग्ज'सारखा स्वतंत्र रकाना तीत नाही. उणिवा सांगायच्याच तर त्या वर्णनाच्या ओळींत. मात्र बदल करणाऱ्या साधनाच्या कर्त्याने विध्वंसाविषयी काहीच लिहिले नाही, तर ते विध्वंसक असू शकते असे धरून चालावे, असा तीत संकेत आहे. त्या एका जागेपुरती रिक्त जागा वाचकाच्या कल्पनेवर सोडलेली नाही.