घरगुती इंटरनेट : ‘स्थिर’ आणि ‘खासगी’ आयपी पत्त्यांतील फरक

नवी दिल्ली : घरात बसवलेला कॅमेरा घरच्या वाय-फायवर व्यवस्थित दिसतो, मात्र परगावी गेल्यावर मोबाईलवर त्याचे चित्र येत नाही. अशा ग्राहकांना अनेकदा जादा शुल्क भरून स्थिर, अर्थात ‘स्टॅटिक’ आयपी पत्ता घेण्याचा सल्ला मिळतो. हा खर्च आवश्यक आहे का, हे ठरवण्यापूर्वी दोन स्वतंत्र बाबी तपासाव्या लागतात : पत्ता सार्वजनिक आहे की खासगी आणि तो स्थिर आहे की बदलता.

आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या आयपीव्ही-४ प्रणालीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ते अपुरे पडणार हे ओळखून काही पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते याच प्रकारातील असून त्यांना खासगी पत्ते म्हणतात. गृहनिर्माण संस्थांमधील सदनिका क्रमांकांप्रमाणे तेच पत्ते असंख्य घरांत वापरले जातात. त्यामुळे बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. घरातील सर्व उपकरणांच्या वतीने राउटर एकाच बाह्य पत्त्यावरून संपर्क साधतो.

स्थिर पत्ता म्हणजे न बदलणारा पत्ता. घरातील प्रिंटरला दिलेला खासगी पत्ताही स्थिर असू शकतो. सेवापुरवठादार शुल्क आकारून देतात तो मात्र सामान्यतः सार्वजनिक आणि स्थिर पत्ता असतो.

आशिया-प्रशांत विभागातील आयपीव्ही-४ पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या टप्प्यात पोहोचला. त्यानंतर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटण्याची पद्धत रूढ होत गेली. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. या व्यवस्थेत ग्राहकाच्या राउटरलाही स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. परिणामी, राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करूनही बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोहोचत नाही.

याची खातरजमा घरीच करता येते. राउटरच्या माहितीपानावर ‘वॅन’ या नोंदीसमोर दिसणारा आयपीव्ही-४ पत्ता आणि आयपी पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील आयपीव्ही-४ पत्ता एकच असल्यास जोडणी सार्वजनिक आहे. दोन्ही भिन्न असल्यास पत्ता बहुधा सामायिक आहे. ही तपासणी करताना व्हीपीएन बंद ठेवावे.

संकेतस्थळे पाहणे, चित्रफिती, व्हिडिओ कॉल आणि कंपनीच्या क्लाउड सेवेवर चालणारे कॅमेरे यांसाठी स्थिर पत्त्याची गरज नसते. त्याने इंटरनेटचा वेगही वाढत नाही. पत्ता सार्वजनिक पण बदलता असल्यास ‘डायनॅमिक डीएनएस’ सेवेने काम भागते, कारण ती बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडून ठेवते. पत्ता सामायिक असताना घरातील रेकॉर्डरशी थेट संपर्क हवा असेल, किंवा कार्यालयाची यंत्रणा ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देत असेल, तर स्थिर सार्वजनिक पत्ता उपयोगी ठरतो.

मात्र, बाहेरून पोहोचण्याचा मार्ग मालकाप्रमाणे घुसखोरांनाही खुला होतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठे सायबर हल्ले घडवले होते. त्यामुळे पोर्ट खुले करण्यापूर्वी पासवर्ड बदलणे आणि उपकरणाची प्रणाली अद्ययावत करणे अत्यावश्यक आहे. शक्य तेथे घरच्या जाळ्यात व्हीपीएनमार्फत प्रवेश करणे अधिक सुरक्षित ठरते.

पत्त्यांच्या टंचाईवरील दीर्घकालीन उपाय आयपीव्ही-६ हा आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता येतो आणि या प्रणालीच्या वापरात भारत आघाडीच्या देशांमध्ये आहे. तथापि, तिचा लाभ घेण्यासाठी कॅमेरा, राउटर आणि बाहेरील मोबाईल जोडणी या तिन्हींनी ती स्वीकारलेली असावी लागते. जादा शुल्क भरण्यापूर्वी ही सोय आपल्या जोडणीवर आहे का, याची विचारणा सेवापुरवठादाराकडे करणे हिताचे ठरते.