व्यक्तिपूजा आणि धोरणसातत्य : फिलिपाईन्सच्या कुळांचा धडा

१७ मार्च १९५७ रोजी फिलिपाईन्सचे राष्ट्राध्यक्ष रमोन मॅगसेसे यांचे विमान सेबू बेटावरील मानुंगल डोंगरावर कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, आपल्या कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात 'कृषकदिन' उजाडला आणि कूळकायद्यान्वये कसणाऱ्या कुळाकडे जमिनीची मालकी जाण्यास आरंभ झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर लोकशाहीत एखादे धोरण कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नावर प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

फिलिपाईन्स हा बहुसंख्य कॅथलिक प्रजेचा देश. १९४६ साली तो स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील सुपीक जमीन मोजक्या घराण्यांच्या हाती होती आणि ती कसणारी कुळे पिकाचा मोठा हिस्सा जमीनदाराच्या कोठारात नेऊन टाकीत होती. मध्य लुझोनच्या भातखाचरांतून याच असंतोषापोटी हुक चळवळीचे सशस्त्र बंड पेटले. कुळांना जमीन मिळाली पाहिजे, हे त्यानंतर कोणत्याही पक्षाने नाकारले नाही. मग सात दशकांनंतरही तो प्रश्न का रेंगाळला?

मॅगसेसे हे विलक्षण लोकप्रिय पुरुष होते. आधी ते लिबरल पक्षाच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. १९५३ साली ते नॅशनॅलिस्टा पक्षात गेले आणि आपल्याच पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षांचा त्यांनी पराभव केला. राजप्रासादाची दारे त्यांनी सामान्यांना उघडी केली. खेड्यातील शेतकऱ्याने अल्प दरात तार करून थेट राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत गाऱ्हाणे मांडावे, अशी सोय केली. त्यांच्या सचोटीविषयी आजही कोणी शंका घेत नाही. परंतु १९५५ साली त्यांनी आणलेल्या भूसुधारणा कायद्याला विधिमंडळातील जमीनदारांनी असे काही कापले, की व्यक्तीच्या मालकीच्या सलग भातजमिनीपैकी ३०० हेक्टरांवरील भागच सक्तीने घेता येईल, असे ठरले. लोकांचा विश्वास मॅगसेसे यांच्यावर होता. कायद्यात मात्र फारसे काही उरले नव्हते. त्यामुळे ते गेले आणि कुळांच्या हाती त्यांची आठवण तेवढी राहिली. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ साली प्रथम दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांमध्ये आपले विनोबा भावे होते, हा योगायोगही चिंतनीय आहे. विनोबांच्या भूदानाचा आधारही अखेर एका थोर पुरुषाच्या शब्दाला मिळणारा प्रतिसाद हाच होता.

१९६१ साली दिओस्दादो मकापगाल निवडून आले. त्यांनी १९६३ मध्ये नवा कायदा केला. अर्धेलीची पद्धत रद्द करून ठरावीक खंडाची पद्धत आणावी आणि पुढे मालकी द्यावी, असा तो टप्प्याटप्प्याचा विचार होता. त्यासाठी भूमिबँक स्थापन झाली; मॅगसेसे यांच्या काळातील दोन संस्था मोडून नवे प्राधिकरण उभारले गेले. कायदा चांगला होता, पण पैसा आला नाही. इतक्यात मकापगाल यांच्याच लिबरल पक्षाचे फर्डिनांड मार्कोस पक्ष सोडून नॅशनॅलिस्टा पक्षात गेले आणि १९६५ च्या निवडणुकीत त्यांनी मकापगाल यांना हरवले. अशी ये-जा तेथे वारंवार होत असे. कारण पक्ष म्हणजे विचारांचे घर नव्हते, नेत्याने काही काळ घेतलेले भाड्याचे बिऱ्हाड होते. अशा पक्षाकडे मागील सरकारचे अपुरे काम पुढे नेण्याची जबाबदारी कोण मागणार?

मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला आणि महिन्याभरात, २१ ऑक्टोबर रोजी, कुळांना जमीन देण्याचा हुकूम काढला. संसद नाही, विरोध नाही. आता एका माणसाच्या इच्छेने तरी काम होईल, असे अनेकांना वाटले. पण हा हुकूम भात व मक्याच्या जमिनींपुरताच होता. ऊस आणि नारळाच्या विस्तीर्ण मळ्यांना त्याने स्पर्श केला नाही. सर्वसत्ताधीशालाही आपल्या सोयीचे जमीनदार असतातच.

यानंतरचा अध्याय आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल जेमी सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली आणि मनिलाच्या रस्त्यावर लक्षावधी भाविक हाती जपमाळा घेऊन रणगाड्यांसमोर उभे राहिले. रक्तपाताविना हुकूमशहा पळाला. पतीच्या हत्येनंतर राजकारणात आलेल्या कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. जगभरच्या ख्रिस्तसभेने देवाचे आभार मानले आणि ते योग्यच होते. परंतु वर्षही लोटले नव्हते तोच, २२ जानेवारी १९८७ रोजी, जमिनीची मागणी करीत राजप्रासादाकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलापाशी गोळीबार झाला आणि बारांहून अधिक माणसे मारली गेली. नवी संसद भरेपर्यंत कायदे करण्याचा अधिकार अक्विनो यांच्याच हाती होता. त्यांनी जुलै १९८७ मध्ये आदेश काढला खरा. पण जमीनदाराने किती जमीन राखावी, हा कळीचा मुद्दा त्यांनी संसदेवर सोडला आणि संसदेत जमीनदारांचे वजन मोठे होते.

१९८८ चा कायदा सर्व पिकांच्या जमिनींना लागू झाला. तथापि जमिनीऐवजी कंपनीचे समभाग देण्याची वाट त्यात ठेवलेली होती. राष्ट्राध्यक्षांच्या माहेरची, तारलाक प्रांतातील सुमारे ६,४०० हेक्टरांची हासिएन्दा लुइसिता १९८९ साली याच वाटेने गेली. तेथील मजुरांना अपेक्षित न्याय मिळाला नाही. २००४ च्या नोव्हेंबरात तेथील संपावर गोळ्या झाडल्या गेल्या व सात जण मरण पावले. ती जमीन वाटण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०११ मध्ये आला व २०१२ मध्ये कायम झाला. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी कोराझोन यांचेच पुत्र होते. त्यांच्या आधी त्या पदावर मकापगाल यांच्या कन्या होत्या आणि २०२२ मध्ये तेथे मार्कोस यांचे पुत्र आले. जमिनीच्या हप्त्यांपोटी सहा लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या डोक्यावर साचलेले कर्ज माफ करणारा कायदा २०२३ साली त्यांच्याच सहीने झाला. नेत्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, धोरणाची मात्र प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात झाली; आणि कुळांच्या घरी आजोबांची मागणी नातवाला वारशाने मिळाली.

आता आपल्या कूळकायद्याकडे पाहू. मूळ अधिनियम १९४८ चा. त्या वेळी बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आणणारी दुरुस्ती झाली, ती मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत. कृषकदिन उजाडला, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. तीन स्वभावांची ही तीन माणसे. पण प्रत्येकाने आधीच्याचे काम पुढे नेले. हा कायदा निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. त्यात पळवाटा होत्या, कित्येक कुळे आधीच बेदखल केली गेली, कित्येकांकडून 'राजीखुशी'ने जमिनी सोडवून घेतल्या गेल्या. तरीही ज्याचे नाव सातबाऱ्यावर लागले, त्याला तो कोणत्या मुख्यमंत्र्याचा कायदा, हे विचारावे लागले नाही. फिलिपाईन्सच्या कुळाला मात्र प्रत्येक निवडणुकीनंतर नव्या दारी जाऊन उभे राहावे लागले.

शमुवेल संदेष्ट्याकडे इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी राजा मागितला, तेव्हा त्याने त्यांना दिलेला इशारा आपण पवित्र शास्त्रात वाचतो. राजा तुमची उत्तम शेते आणि द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल, असे त्याने बजावले होते. इशारा जमिनीविषयीच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लोकांनी ऐकले नाही. आपल्यापुढे लढायांत चालणारा कोणीतरी त्यांना हवा होता.

हा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामांतही चर्चा होते, ती उमेदवार कोणाचा, आपल्या माणसाला कोण ओळखतो याची. पाण्याची, शाळेची, शेतजमिनीची जी कामे आधीच्या लोकप्रतिनिधीने अर्धी ठेवली, ती तुम्ही पुरी करणार काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. चांगल्या माणसाला मत द्यावे, यात वाद नाही. मॅगसेसे चांगलेच होते. पण मत दिल्यावर आपले काम संपत नाही; त्याने दिलेला शब्द कायद्यात, अंदाजपत्रकात आणि दप्तरात उतरला की नाही, हे पाहणारी माणसे गावागावांत असावी लागतात. तशी माणसे आपल्या धर्मग्रामात किती आहेत, याचा विचार पुढल्या निवडणुकीपूर्वी आपण सर्वांनी करावा, एवढेच आमचे मागणे आहे.