विजेचा सूर आणि तानपुरा : ‘पोपोल वूह’ या वाद्यवृंदाची कथा

उपासनेत कोणते वाद्य असावे, विजेवर चालणारा की-बोर्ड की पेटी-तबला, हा वाद आपल्या धर्मग्रामांना नवा नाही. एक पिढी म्हणते, यंत्राच्या सुरात प्राण नसतो. दुसरी विचारते, मग ऑर्गन तरी यंत्र नव्हे काय? या वादाकडे जरा दुरून पाहता यावे म्हणून जर्मनीतील एका वाद्यवृंदाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. हा वृंद चर्चचा नव्हता. रॉक आणि पॉप संगीताच्या प्रयोगशील वर्तुळात तो वाढला. परंतु हाच प्रश्न त्याच्याही वाट्याला आला, आणि त्याने तो शब्दांनी नव्हे, सुरांनी सोडविण्याचा प्रयत्न केला.

वृंदाचे नाव होते ‘पोपोल वूह’. हे नाव ग्वाटेमालातील किशे माया लोकांच्या पुराणग्रंथाचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को शिमेनेझ या डोमिनिकन धर्मगुरूंनी तो ग्रंथ किशे भाषेत उतरवून घेतला आणि शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. आज जगाजवळ त्या ग्रंथाची जी सर्वांत जुनी प्रत आहे, ती त्यांच्याच हातची. परक्यांचे पवित्र शब्द एका मिशनऱ्याने जपले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वृंदाचे संस्थापक फ्लोरियान फ्रिके यांचा जन्म १९४४ साली बोडेन सरोवराकाठच्या लिंडाऊ येथे झाला. त्यांचे शिक्षण पियानोचे, शास्त्रोक्त पद्धतीचे. पुढे म्यूनिखमध्ये त्यांच्या हाती ‘मूग सिंथेसायझर’ हे यंत्र आले. अमेरिकेतील अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली त्याचा पहिला नमुना सिद्ध केला होता. त्यात ना तार, ना कातडे, ना फुंक. विजेच्या कंपनांतून ध्वनी जन्मतो, गाळण्यांतून तो घडविला जातो आणि अनेक दोऱ्यांची जुळवाजुळव करून त्याला रूप दिले जाते. अवाढव्य आणि महागडे असे हे यंत्र त्या काळी जर्मनीत फार थोड्या लोकांजवळ होते. १९७० साली फ्रिके यांची पहिली तबकडी निघाली. तिच्यात मूगच्या गूढ ध्वनीबरोबर होल्गर ट्रुल्श यांची हातांनी वाजविलेली तालवाद्ये होती. वीज आणि चामडे यांची ही पहिली भेट होय.

१९७१ च्या दुसऱ्या तबकडीसाठी फ्रिके बव्हेरियातील बाउमबुर्ग येथे गेले. तेथील जुन्या मठमंदिराचा ऑर्गन त्यांनी आपल्या संगीतात आणला. वाऱ्याच्या बळावर वाजणारे ते महावाद्य आणि नवे विद्युत्-ध्वनी एकाच तबकडीत नांदू लागले.

आणि नेमक्या याच वेळी, नव्या यंत्राकडे सारे आशेने पाहत असताना, फ्रिके यांनी ते बाजूला ठेवले. यंत्राच्या साहाय्याने मनाच्या खोल तळाशी जाता येते खरे. पण बाहेरच्या साधनांविना तेथे पोहोचणे अधिक सुंदर आणि अधिक प्रामाणिक, अशा आशयाचे विचार त्यांनी नंतर मांडले.

१९७२ साली ‘होझियाना मंत्र’ ही तबकडी प्रसिद्ध झाली. होसान्ना हा आपल्या झावळ्यांच्या रविवारचा उद्गार आणि मंत्र हा भारताचा शब्द. दोन्ही एका नावात आले. वाद्येही तशीच निरनिराळ्या कुळांतली : पियानो, हार्पसिकॉर्ड, ओबो, व्हायोलिन आणि आपला तानपुरा. गाणारा स्वर कोरियन गायिका जोंग युन यांचा. तरीही वीज पूर्णपणे गेली नव्हती. कोनी व्हाइट यांची विद्युत्-गिटार होतीच. पण ती गर्जत नाही, तानपुऱ्याच्या आसेवर लांब श्वासाने गाते.

या तबकडीत ‘किरिये’ आहे. तिची दुसरी बाजू अनुवादाच्या पुस्तकावर आधारलेली आहे. तेथील एका गीताचे नाव ‘उंच आकाशात नव्हे’ अशा अर्थाचे आहे. त्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांना समजावतो की, देवाची आज्ञा आकाशात किंवा समुद्रापलीकडे शोधावी लागत नाही. ती मुखात आणि अंतःकरणात आहे. दूरदूरचे ध्वनी धुंडाळून परतलेल्या कलावंताने हेच वचन निवडावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

पुढची वाटचालही शास्त्राच्या आधारानेच झाली. १९७३ साली मत्तयाच्या शुभवर्तमानातील धन्यवचने, १९७५ साली गीतरत्न आणि १९८१ साली शेहेचाळिसाव्या स्तोत्रातील शांत राहण्याचा आदेश. या शेवटच्या कृतीत बव्हेरियाच्या राज्य ऑपेराचे गायक होते. मूग यंत्र त्यांनी क्लाउस शुल्झं या दुसऱ्या संगीतकाराला विकून टाकले.

परंतु या कथेला सोपे तात्पर्य चिकटवू नये. ज्या १९७२ साली ‘होझियाना मंत्र’ आले, त्याच साली वेर्नर हेर्झोग यांचा ‘अगिरे’ हा चित्रपट आला. सोन्याच्या लोभाने अँडीज पर्वत उतरणाऱ्या स्पॅनिश सैनिकांवर तेथे स्वर्गीय गायकवृंदाचे सूर तरंगतात. ते सूर फ्रिके यांनीच एका पट्ट्यांच्या यंत्रातून काढले होते. समोर गाणारे कोणी नव्हते. १९९५ च्या ‘सिटी रागा’ या कृतीत तर विद्युत्-ताल उघडपणे परतले. २९ डिसेंबर २००१ रोजी म्यूनिख येथे फ्रिके यांचे निधन झाले. यंत्राचा त्याग त्यांनी व्रत म्हणून केला नव्हता. त्या त्या वेळी कोणता स्वर खरा आहे, एवढेच ते पारखत गेले.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही अशीच पारख आपल्यावर सोपविली आहे. उपासनेविषयीच्या १९६३ च्या संविधानात पाइप-ऑर्गनला मोठा मान दिला आहे. मात्र पवित्र उपयोगास योग्य, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी आणि भाविकांची उन्नती साधणारी असतील, तर इतर वाद्यांनाही द्वार खुले ठेवले आहे. कसोटी वाद्याच्या कुळाची नाही. त्याच्या फळाची आहे.

म्हणून आमच्या गायकवृंदांना एवढेच सुचवावेसे वाटते : की-बोर्डचे बटण दाबले की ताल आपोआप सुरू होतो, त्या वेळी मागच्या बाकावरची आजी गाते आहे की थांबली आहे, ते जरूर ऐकावे. ती थांबली असेल, तर आवाज कमी करावा. ती गात असेल, तर वाद्य विजेचे आहे म्हणून कोणी खंत करू नये.