मरणाच्या दारातून परतलेला मुकादम

डोक्याला जबर मार लागून घरातले माणूस बेशुद्ध पडले की रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताटकळणारे नातलग डॉक्टरांना प्रथम विचारतात, 'तो वाचेल ना?' काही दिवसांनी रुग्ण डोळे उघडतो आणि दुसरा प्रश्न ओठांवर येतो, 'तो पूर्वीसारखा होईल ना?' पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने मोठी मजल मारली आहे. दुसरा प्रश्न मात्र आजही तितकाच अवघड आहे. हे दोन्ही प्रश्न ज्याच्या आयुष्यात अत्यंत ठळकपणे उभे राहिले, त्या अमेरिकन मजुराची कथा वैद्यकाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. परंतु बहुधा ती अर्धीच सांगितली गेली.

फिनिअस गेज हे त्याचे नाव. वय वर्षे २५. व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते आणि सुरुंग लावणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ चा दिवस. दुपारचे साडेचार झाले असावेत. खडकाच्या भोकात भरलेली दारू लोखंडी पहारेने ठासायची, हे त्याचे नित्याचे काम. मागे काम करणाऱ्या माणसांकडे पाहण्यासाठी त्याने मान वळवली, पहार खडकावर घासली, ठिणगी उडाली आणि दारूचा भडका झाला. साडेतीन फुटांहून अधिक लांब, सव्वा इंच जाड आणि सुमारे सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरली, डोळ्यामागून मेंदूचा पुढचा भाग भेदून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली आणि कितीतरी अंतरावर जाऊन आदळली.

आश्चर्य हे की काही मिनिटांतच गेज बोलू लागला. बैलगाडीत बसून तो आपल्या मुक्कामाच्या खाणावळीपर्यंत आला आणि तेथे आलेल्या डॉक्टरांना, तुमच्यासाठी भरपूर काम आणले आहे, असे विनोदाने म्हणाला. सायंकाळी डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार हाती घेतले. तेही तेव्हा तिशीच्या आतलेच होते.

खरी परीक्षा पुढेच होती. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे ज्ञान तेव्हा नव्हते. लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध व्हायला अजून १९ वर्षे होती. दहा-बारा दिवसांत जखम चिघळली आणि गेज अर्धवट बेशुद्धावस्थेत गेला. हाक मारली तरच एखादा शब्द बोले. नातलगांनी आशा सोडली. शवपेटी आणि अंगावर चढवायचे कपडेसुद्धा तयार ठेवण्यात आले. अशा वेळी हार्लो यांनी कपाळावर छेद घेऊन साठलेला पू वाहू दिला; तो पाव लिटरच्या आसपास भरला. त्यानंतर रुग्णाला हळूहळू उतार पडू लागला. ७ ऑक्टोबरला त्याने बिछान्यातून उठून पहिले पाऊल टाकले आणि नोव्हेंबरअखेर तो आईवडिलांच्या घरी परतला. डावा डोळा कायमचा गेला, पण जीव वाचला. पुढे या प्रकरणाविषयी लिहिताना हार्लो यांनी सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रोझ पारे यांचे स्मरण केले. जखम मी बांधली, बरे केले ते परमेश्वराने, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत.

'तो वाचेल ना?' याचे उत्तर मिळाले. आता दुसरा प्रश्न.

अपघातापूर्वीचा गेज शांत, कामसू आणि हिशेबी होता. मालकांना त्याच्याइतका कर्तबगार मुकादम दुसरा नव्हता. परतलेला गेज मात्र लहरी, उतावळा आणि शिवराळ झाला. आज एक बेत करी, उद्या मोडून टाकी. मालकांनी त्याला जुनी जागा नाकारली. तो आता गेज राहिला नाही, असे मित्र म्हणू लागले. हार्लो यांनी १८६८ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केले आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा स्वभावाशी असलेला संबंध दाखवणारे उदाहरण म्हणून गेजचे नाव पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले. पुढे त्यात तिखटमीठ मिसळले गेले. वाचला, पण माणसातून उठला, असा त्याच्या नावापुढे शेरा पडला.

वस्तुतः त्यानंतर गेज अकरा वर्षांहून अधिक काळ जगला. काही काळ न्यूयॉर्कमधील बार्नम यांच्या संग्रहालयात लोकांच्या कुतूहलाचा विषय होऊन तो उभा राहिला. पुढे सुमारे दीड वर्ष त्याने घोड्यांच्या तबेल्यात नोकरी केली. १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि वालपराइसो ते सांतियागो या मार्गावरील प्रवासी गाडीवर राहिला. भरलेल्या गाडीला सहा घोडे जुंपायचे, त्यांचे लगाम हाती धरून वळणावळणाच्या रस्त्याने न्यायचे आणि परक्या भाषेच्या मुलखात प्रवाशांशी नीट वागायचे, हे काम माणसातून उठलेल्याला कसे जमेल? मानसशास्त्राचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून हाच प्रश्न विचारला. चिलीत १८५८-५९ मध्ये गेजला ओळखणाऱ्या एका डॉक्टरांनी त्याची बुद्धी शाबूत असल्याचे लिहून ठेवले आहे. मॅकमिलन यांचे अनुमान असे, की रोज ठरल्या वेळी उठणे, घोड्यांचे दाणापाणी पाहणे, ठरल्या क्रमाने गाडी जुंपणे, या शिस्तीने गेजच्या विस्कटलेल्या मनाला पुन्हा घडी घातली. २००९ मध्ये ओळख पटलेले त्याचे एक छायाचित्रही हेच सुचवते. नीटनेटक्या पोशाखातला एक ताठ तरुण, एक डोळा मिटलेला आणि हातात तीच पहार.

१८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. बरे वाटताच त्याने शेतावर काम धरले. परंतु अपस्माराचे झटके येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने देह ठेवला. पुढे हार्लो यांना त्याच्या आईचा पत्ता मिळाला आणि त्यांनी तिच्याशी पत्रव्यवहार केला. तिच्या संमतीने कवटी आणि पहार अभ्यासासाठी देण्यात आली; आज दोन्ही वस्तू बोस्टनच्या वॉरन संग्रहालयात आहेत. गेजच्या अखेरच्या वर्षांविषयी जे थोडे कळते, ते बरेचसे या आईने सांगितले म्हणून कळते.

१९७४ मध्ये ग्लासगो येथील टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी बेशुद्धीची खोली मोजण्याची पद्धत घालून दिली. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, हे पाहून आज जगभर ३ ते १५ पर्यंत गुण देतात. हे गुण रुग्णाच्या उशाशी लिहिले जातात आणि त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण रुग्ण घरी आल्यानंतरच्या दीर्घ वाटचालीचा हिशेब त्या गुणांत मावत नाही. चिडखोर झालेल्या, विसराळू झालेल्या, एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारणाऱ्या भावाला किंवा पित्याला 'तो आता आपला राहिला नाही' असे म्हणणे सोपे असते. गेजच्या मित्रांनी तसेच म्हटले. त्याच सुमारास कोणीतरी त्याच्या हाती घोड्याचा लगाम दिला, आणि रोजचे काम त्याला सापडले.